पाळणाघरातला संवाद : ताईंनाही शिकावे लागते

सकाळचे साडेआठ. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक पाळणाघरांच्या दारात या वेळी एकच दृश्य दिसते. आईच्या खांद्याला ऑफिसची पर्स, एका हातात डब्याची पिशवी आणि कडेवर दीड वर्षाचे मूल. मूल आईच्या गळ्याला घट्ट बिलगलेले. आतून मावशी येतात, 'चला चला, आईला उशीर होतोय' असे म्हणत त्याला उचलून घेतात, भिंतीवरची चिमणी दाखवतात आणि तेवढ्यात आई पाय न वाजवता जिना उतरते. मूल मागे वळून पाहते तेव्हा दार रिकामे असते. मग दहा-पंधरा मिनिटे रडारड आणि त्यानंतर शांतता. 'रुळेल चार दिवसांत,' असे मावशी संध्याकाळी आईला सांगतात.

या प्रसंगात कोणी मुलाला मारलेले नाही, उपाशी ठेवलेले नाही. मावशी मनाने प्रेमळ आहेत. तरीही बालविकासाचा अभ्यास असलेल्या व्यक्तीला या दोन मिनिटांत बरेच काही खटकेल. निरोप न घेता निघून गेलेली आई, चिमणीच्या निमित्ताने झालेली फसवणूक आणि 'थांबेल आपोआप' म्हणून दुर्लक्षिलेले रडणे, यांतली एकही गोष्ट दुष्टपणाने घडलेली नाही. कोणी कधी शिकवलेच नाही म्हणून ती घडते. पाळणाघर निवडताना आपण जागा पाहतो, स्वच्छता पाहतो, फी विचारतो. तिथल्या ताईंना मुलाशी कसे बोलावे याचे शिक्षण मिळाले आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. 'बाईमाणसाला मुले सांभाळायला काय शिकवायचे?' ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे.

बर्म्युडातली पाहणी

या समजुतीची परीक्षा पाहणारा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवरील पाळणाघरांत काम करणाऱ्या स्त्रियांचे निरीक्षण केले. या ठिकाणी सोय अशी होती, की एकाच छोट्या समाजात चार प्रकारच्या सेविका सापडत होत्या. काहींचे कसलेच प्रशिक्षण झालेले नव्हते, काहींनी स्थानिक महाविद्यालयाच्या प्रशिक्षणक्रमाचा काही भाग पुरा केला होता, काहींनी तो संपूर्ण केला होता आणि काहींकडे बालशिक्षणाची चार वर्षांची पदवी होती. थोडेसे प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रियाही मुलांशी अधिक आपुलकीने वागत होत्या. त्यांचा हुकमी सूर कमी होता आणि मुलांकडे अलिप्तपणे पाहत बसण्याचे प्रमाणही कमी होते. पदवीधारकांमध्ये हा फरक सर्वांत ठळक होता.

या कामासाठी आर्नेट यांनी तयार केलेली निरीक्षणाची मोजपट्टी पुढे जगभर वापरली गेली. ती वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात खेळण्यांची संख्या किंवा भिंतींचा रंग यांना स्थान नाही. बाई मुलांशी ऊबदार स्वरात बोलते का, त्यांना समजेल अशा शब्दांत बोलते का, धाक घालून त्यांना आवरते का, मुलांत असूनही मनाने दुसरीकडेच असते का, अशा गोष्टी तिथे नोंदवल्या जातात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने १९९१ मध्ये दहा ठिकाणच्या १,३६४ नवजात बालकांपासून सुरू केलेला दीर्घ अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. सांभाळणारी व्यक्ती मुलाला प्रतिसाद किती देते, त्याच्याशी बोलते किती, यांचा मुलाच्या भाषेशी आणि आकलनाशी संबंध त्यात आढळला. मात्र घरातल्या वातावरणाचा प्रभाव पाळणाघरापेक्षा अधिक असतो, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. नोकरी करणाऱ्या आयांना उठता-बसता अपराधी ठरवणाऱ्यांनी हे दुसरे वाक्यही वाचायला हवे.

लंगोट बदलताना

संवाद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गाणी, गोष्टी, बडबडगीते येतात. त्यांचे महत्त्व आहेच. पण दोन वर्षांखालच्या मुलाच्या दिवसाचा मोठा भाग खाणे, झोपणे, शी-शू आणि कपडे बदलणे यांतच जातो. प्रशिक्षणाची खरी जागा तिथे आहे, हे हंगेरीतल्या डॉ. एमी पिक्लर यांनी दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, बुडापेस्टमधल्या लोत्सी रस्त्यावर त्यांनी निराधार बालकांसाठी संस्था सुरू केली. तिथल्या आधीच्या परिचारिका कामात तरबेज होत्या, पण मूल म्हणजे जणू एक वस्तू अशा यांत्रिकपणे त्यांचे हात चालत. पिक्लर यांनी त्यांच्या जागी अनुभव नसलेल्या तरुण मुली घेतल्या आणि त्यांना पहिल्यापासून शिकवले.

काय शिकवले? मुलाला मागून येऊन एकदम उचलायचे नाही. समोर यायचे, त्याच्याकडे पाहायचे, 'आता मी तुला उचलते' असे म्हणायचे आणि क्षणभर थांबायचे. अंगडे घालताना 'आता हा हात बाहीत घालू या' असे सांगायचे आणि मूल स्वतः हात पुढे करते का याची वाट पाहायची. काही महिन्यांचे बाळही हळूहळू हात पुढे करू लागते. लंगोट बदलण्याची ती पाच मिनिटे उरकून टाकण्याची राहत नाहीत, तर मूल आणि सांभाळणारी यांच्या गप्पांची होतात. शिवाय या वेळी त्या बाईचे संपूर्ण लक्ष एकाच मुलाकडे असते. वीस मुलांच्या गलक्यात असे क्षण दिवसातून किती वेळा मिळणार?

हार्वर्ड विद्यापीठातल्या बालविकास केंद्राने याच प्रक्रियेला बॅडमिंटन-टेनिसच्या भाषेत 'सर्व्ह अँड रिटर्न' असे नाव दिले आहे. मूल काहीतरी पाहते, बोट दाखवते, 'बू' म्हणते, ही त्याची सर्व्हिस. मोठ्या माणसाने त्याच दिशेने पाहून 'हो रे, काऊ आला!' म्हणणे, हे परतवणे. फूल परतले की मूल पुन्हा मारते. ते वारंवार जमिनीवरच पडत राहिले, तर मूल खेळ सोडून देते. गंमत म्हणजे सेविकांना यातला सर्वांत अवघड भाग बोलणे हा नसतो. गप्प राहून वाट पाहणे अधिक अवघड जाते. प्रश्न विचारायचा आणि मुलाने तोंड उघडण्याआधी उत्तरही आपणच द्यायचे, ही आपणा सर्वांचीच खोड. म्हणून प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजा, असा साधा सराव प्रशिक्षणात करवून घेता येतो. पाच आकडे किती लांब असतात, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शांत मूल नेहमी सुखी असते का?

आता सकाळच्या त्या दाराकडे परत जाऊ. १९५२ मध्ये ब्रिटनमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक लघुपट तयार केला. त्या काळी रुग्णालयांत आईला मुलाजवळ राहू देत नसत. मुले सुरुवातीला रडतात आणि मग 'रुळतात', असे डॉक्टर-परिचारिका मानत. आईपासून तुटलेली मुले आधी आकांत करतात, मग निराश होतात आणि शेवटी अलिप्त होतात, असे रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी मांडले. ज्याला रुळणे म्हटले जात होते, ते पुष्कळदा आशा सोडणे होते. वैद्यकीय वर्तुळात या लघुपटावर बरीच टीका झाली. पुढे मात्र मुलांच्या वॉर्डांत आईवडिलांना प्रवेश मिळू लागला, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

संध्याकाळी घरी परतणाऱ्या पाळणाघरातल्या मुलाची तुलना रुग्णालयात एकट्या पडलेल्या मुलाशी थेट करता येणार नाही. पण सेविकांच्या प्रशिक्षणात यातला एक धडा असायलाच हवा : कोपऱ्यात गुपचूप बसलेले, काहीही न मागणारे मूल 'शहाणे' असेलच असे नाही. रडणाऱ्या मुलाकडे निदान कोणीतरी वळून पाहते. या गप्प मुलाकडे कोणीच पाहत नाही.

मग दारात काय करायचे? आईने निरोप घेऊनच जायचे, मूल रडले तरी. सेविकेने रडण्याला नाव द्यायचे : 'आई गेली म्हणून वाईट वाटतंय ना? मी आहे इथे.' 'आई आत्ता येते' असे खोटे सांगायचे नाही, कारण दीड वर्षाच्या मुलालाही 'आत्ता' म्हणजे काय ते कळते. 'जेवण होईल, झोप होईल, मग आई येईल' असे त्याला समजणाऱ्या घड्याळाने सांगायचे. नवे मूल आले की पहिल्या काही दिवसांत आईने थोडा वेळ सोबत बसावे आणि शक्यतो एकाच सेविकेने त्याला सकाळी घ्यावे, जेवू घालावे, झोपवावे. रडणे यानेही लगेच थांबत नाही. पण मूल एकटे रडत नाही.

'पोलिसाला देईन', 'बागुलबुवा येईल', 'रडलास तर आई घ्यायला येणार नाही' ही आपल्याकडची जुनी हत्यारे. घराघरांत ती वापरली गेली आहेत, त्यामुळे सेविकांना त्यांत गैर काही वाटत नाही. यातली शेवटची धमकी पाळणाघरात सर्वांत घातक, कारण तिथल्या मुलाला नेमकी तीच भीती असते. एका मुलाने दुसऱ्याला चावा घेतला की 'आता तुलाही चावून दाखवते' असे म्हणणाऱ्याही असतात. चावणारे दीड वर्षाचे मूल बहुधा शब्दांअभावी चावते. आधी चावा बसलेल्या मुलाला जवळ घ्यायचे, मग चावणाऱ्याच्या पातळीवर खाली बसून 'चावलं की दुखतं. गाडी हवी तर हात पुढे कर' एवढेच सांगायचे. भाषण नको. 'पळू नको'पेक्षा 'हळू चाल' हे लहान मुलाला लवकर उमगते. काय करू नये यापेक्षा काय करावे हे त्याला हवे असते.

जेवणाचेही तसेच. नाक दाबून, भरवता भरवता मोबाइल दाखवून पोटात घास ढकलणे म्हणजे मुलाने खाणे नव्हे. मुलाच्या भुकेच्या आणि तृप्तीच्या खुणा ओळखून भरवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या पूरक आहारविषयक मार्गदर्शिकेत म्हटले आहे. त्याच संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये, असेही सांगितले होते. डबा संपला नाही तर आई रागावेल, या धास्तीने मावशी दोन्ही सल्ले मोडतात. तेव्हा इथे प्रशिक्षणाची थोडी गरज पालकांनाही आहे.

मावशींची मराठी

अलीकडे पालकांकडून आणखी एक मागणी होते : मावशींनी मुलाशी इंग्रजीतून बोलावे. त्यामुळे जिच्याकडे म्हणी, ओव्या, गावाकडच्या गोष्टी यांचा साठा आहे अशी बाई 'ॲपल खा', 'हँड वॉश कर' एवढ्या चार शब्दांत अडकून पडते. तिचे बोलणेच आटते आणि मुलाच्या कानावर दिवसभर पडतात ते फक्त हुकूम. भाषा मुलाला वाहत्या, भरघोस बोलण्यातून मिळते. ती बाई ज्या भाषेत मोकळी होते त्या भाषेत, मग ती वऱ्हाडी असो, मालवणी असो वा अहिराणी, तिला बोलू द्यावे. प्रशिक्षकांनीही तिच्या बोलीचे 'शुद्धीकरण' करायला जाऊ नये.

या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरजच नव्हती. गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आणि कल्पना त्यातून आली आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत ती देशभर पोहोचली. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम करताना शंख-शिंपले, बिया, पाने यांची शैक्षणिक साधने बनवली. या कामात बालसेविका तयार करण्यालाही तेवढेच महत्त्व होते. शहरी पाळणाघरांपर्यंत तो वारसा फारसा आला नाही, ही खंत आहे.

शहरात या दिशेने ठोस काम झाले ते बांधकामांच्या ठिकाणी. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, दिल्लीत प्रदर्शनाच्या बांधकामावर मजूर स्त्रियांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच एक पाळणाघर सुरू केले. 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था त्यातून उभी राहिली आणि मुंबई-पुण्यातही हे काम पसरले. फारसे शिक्षण नसलेल्या स्त्रियांना प्रत्यक्ष कामातून तयार करणे, हे या कामाचे वैशिष्ट्य.

वर्गात नव्हे, खोलीत

प्रशिक्षण कसे द्यावे, हा खरा कळीचा मुद्दा आहे. सभागृहात साठ सेविकांना बसवून दोन दिवस व्याख्याने, चहा-बिस्किटे आणि शेवटी प्रमाणपत्र, या पद्धतीने माहिती मिळते. सवय बदलत नाही. सवय बदलण्यासाठी प्रशिक्षकाला मुलांच्या खोलीत येऊन बसावे लागते. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी पालकांसाठी विकसित केलेली आणि नंतर पाळणाघरांसाठी बदलून घेतलेली पद्धत यासाठी चित्रफितीचा उपयोग करते. बाई मुलाबरोबर असताना काही मिनिटांचे चित्रण करायचे, मग तिच्याशेजारी बसून ते तिला दाखवायचे आणि मुलाने काही सांगितले व तिने ते टिपले अशा क्षणी चित्र थांबवायचे. आधी जे जमले ते दाखवायचे. 'इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही हसलात, बघा तो कसा खुलला.' मुलाच्या मनात काय चालले असेल हे बाईलाच विचारायचे.

यात एक साधे तत्त्व आहे. ज्या बाईला प्रशिक्षक अपमानित करतो, ती मुलांना आदराने वागवेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. प्रशिक्षकाने तिच्याशी तसेच वागायचे, जसे तिने मुलाशी वागावे असे त्याला वाटते : थांबून, ऐकून, तिने सुरू केलेले बोलणे पुढे नेऊन.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीचे चित्रण समोर आले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतरची चर्चा सीसीटीव्ही आणि पोलीस पडताळणी यांभोवतीच फिरली. दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. पण कॅमेरा मारहाण झाल्याचे दाखवतो. मुलाच्या 'बू'ला उत्तर कसे द्यावे हे तो शिकवत नाही. त्याच कॅमेऱ्याची पाच मिनिटांची फीत बाईसोबत शांतपणे पाहिली, तर मात्र तो शिकवू शकतो.

'प्रशिक्षित' म्हणजे काय?

कायद्याला प्रशिक्षणाचे वावडे कधीच नव्हते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४८ व्या कलमाने पाळणाघर बाळसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असावे, असे म्हटले होते. प्रशिक्षण कोणते, किती दिवसांचे, हे त्या कलमाने सांगितले नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांसाठी 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम सुरू केला आणि २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. ३६ महिन्यांच्या क्रमाने मुलाशी काय खेळावे, काय बोलावे हे त्यात दिले आहे. खासगी पाळणाघर चालवणाऱ्यांनीही तो जरूर वाचावा.

तरीही एक अडचण उरते आणि ती प्रशिक्षणाने सुटणारी नाही. सरकारी पाळणाघर योजनांची रचना साधारणतः पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस अशी राहिली आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक व्यक्ती अशी आहे. ती आपल्याला लगेच परवडणार नाही हे मान्य. पण बारा रांगती मुले एकटीने सांभाळणाऱ्या बाईला 'पाचपर्यंत आकडे मोजा' असे सांगणे ही थट्टा आहे. पगाराचेही तेच. अमेरिकेतल्या पाच शहरांतल्या २२७ पाळणाघरांची पाहणी करणाऱ्या १९८९ च्या राष्ट्रीय अभ्यासात सेविकांच्या वेतनाचा आणि पाळणाघराच्या दर्जाचा सर्वांत जवळचा संबंध आढळला होता. कमी पगारावर बाई टिकत नाही, आणि दर चार महिन्यांनी मावशी बदलली की मुलाला नव्या चेहऱ्याशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पाळणाघर पाहायला जाणाऱ्या पालकांनी म्हणूनच तिथल्या खेळण्यांपेक्षा माणसांकडे पाहावे. शक्य तर दुपारी जेवणाच्या वेळी जावे आणि अर्धा तास नुसते बसावे. ताई जमिनीवर बसतात की खुर्चीवर, मुलांना नावाने हाक मारतात की 'ए' म्हणून, खोलीत एकच मोठा आवाज ऐकू येतो की अनेक लहान लहान, हे तेवढ्या वेळात कळते. इथल्या ताई किती वर्षांपासून आहेत, त्यांना शेवटचे प्रशिक्षण कधी मिळाले, एका ताईकडे किती मुले असतात, हे तीन प्रश्न संचालकांना विचारावेत. आणि संध्याकाळी मुलाला घेताना 'डबा संपला का?' या प्रश्नाआधी 'आज काय म्हणाला तो?' असे विचारावे. ज्या ताईंना याचे उत्तर देता येते, त्यांनी दिवसभरात मुलाचे ऐकलेले असते.